आतिफची शाई

परदेशातून पोरं सुट्टीवर येताना काय आणतात? ब्लँकेट, अत्तर, खजूर, फार तर बापाला घड्याळ. पाटसच्या शेखलालच्या आतिफनं आणला प्रिंटर! स्वतःच्या कपड्यांत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा जपत. "का रं, दौंडात प्रिंटर मिळत न्हाईत व्हय?" म्हणून अख्ख्या आळीनं त्याची टर उडवली. शेखलालचा मात्र ऊर भरून आला. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेलेला माणूस तो. निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते, आणि हे पोराच्या बरोब्बर ध्यानात आलं होतं.

मग काय विचारता! कुणाच्या आधारची प्रत, कुणाच्या पोराचा शाळेचा प्रकल्प, सगळी आळी शेखलालमामाच्या दारात. पैशाचं नाव काढलं की मामा खेकसायचा, "चहा पी आन् चालू लाग."

पहिली शाई संपली तेव्हा खरी मेख कळली. दौंडच्या नागसेनच्या दुकानातून मामानं त्याच कंपनीचं, त्याच आकाराचं काट्रिज आणलं. टक्कन बसलं. पण प्रिंटर म्हणतो, ओळखत नाही. काढून बसवलं, पुसून बसवलं, बिस्मिल्ला म्हणून बसवलं, छे! नागसेननं समजावलं, "मामा, हे तिकडच्या मुलखाचं मशीन हाय. काट्रिजवर चिप असती, ती बघूनच ते शाई घेतं. इकडचं ह्याला चालत न्हाई." आता काय म्हणावं या कंपनीवाल्यांना! शाई ती शाई, तिला कसला आलाय मुलूख?

तेव्हापासून तिकडून गावाकडं कुणी निघालं की त्याच्याबरोबर आतिफ काट्रिज धाडायचा. आणि फोनवर एकच ताकीद द्यायचा, "अब्बा, रोज एक तरी रंगीत पान काढा. बसवलेली शाई नुसती ठेवली, की तोंडाशीच वाळती." म्हणून शेखलाल रोज सकाळी एक गुलाब छापायचा आणि त्याचा फोटो पोराला पाठवायचा. "लाल झकास आलाय, अब्बा," असं उत्तर आलं की मगच न्याहारी. बापलेकाचं बोलणं ते एवढंच, पण म्हाताऱ्याचा अख्खा दिवस त्यावर निघायचा.

ऐन गळिताच्या हंगामात ते उत्तर यायचं थांबलं. तिकडच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि आतिफ गेला. मय्यत इकडं कधी येईल ते कुणालाच सांगता येईना, तेव्हा शेखलालनंच फोनवर सांगितलं, "तिकडंच मिट्टी द्या." ते ऐकलं आणि अमीरबी, त्याची बायको, भिंतीला टेकून खालीच बसली. मिट्टी द्यायच्या आधी आपल्या माणसाचं तोंड बघायचं असतं. त्या आईच्या नशिबी तेवढंही नव्हतं. शेखलालच्या डोळ्यांतून तर टिपूस आलं नाही. बाप आतून पार सुकून गेला होता.

आतिफची बॅग खुटबावच्या एका माणसानं आणून दिली. तळाशी दोन काट्रिजं होती, एक काळं, एक रंगीत. बापासाठी घेऊन ठेवलेली.

अमीरबीचं मागणं एकच. मागच्या ईदला डाळिंबी कुडता घालून काढलेला आतिफचा फोटो, कागदावर, मोठा. भिंतीला टांगायला नको होता तिला, पेटीत ठेवायचा होता. "मोबाइलवरचं त्वांड बोट लागलं की पळतंय," ती म्हणायची. "दौंडाच्या स्टुडिओतनं काढून आणा की."

"स्टुडिओतनं कशाला? त्याची शाई हाय घरात. त्याच्याच शाईनं काढतो."

त्यानं काट्रिजं बसवली. प्रिंटरनं निमूट ओळखली. बटणापर्यंत बोट गेलं आणि तिथंच थांबलं. आधी कपाळ, मग भुवया, मग डोळे, असं पोर ओळीओळीनं बाहेर येणार आणि त्याची शाई तेवढी सरणार. कसं सोसायचं? "उद्या काढू," म्हणत त्यानं प्रिंटरवर झाकण घातलं. तो उद्या काही उजाडेना. सकाळचा गुलाब? तो दाखवायचा कुणाला? शेजारची सुलक्षणा दाखल्याची प्रत काढायला आली, तिलाही त्यानं माघारी लावलं. "शाई राखून ठेवलीया, पोरी." अहो, राखायची वस्तू होती का ती! वर पत्रा, पत्र्यावर उन्हाळा, आणि म्हातारा जिवापाड शाई राखत बसलेला.

ईद तोंडावर आली आणि अमीरबीचा धीर सुटला. "कवा दावणार माझं लेकरू? मी मेल्यावर?"

शेखलालनं झाकण काढलं, डोळे मिटून बटण दाबलं. प्रिंटर खरखरला. कागद हळूहळू पुढं आला.

लाल रंग आलाच नव्हता. कपाळावर पांढऱ्या रेघा, गाल हिरवट, ओठ निळे पडलेले. अमीरबीनं तोंडात पदर कोंबला.

"थांब, थांब, साफ करतो," म्हणत त्यानं मशीनला साफसफाईला लावलं. मेलं ते मशीन साफ होतानाही शाईच पितं! पुन्हा छापलं, पुन्हा साफ केलं. दर कागदावर आतिफ आणखी फिका. शेवटी प्रिंटरनं शाई संपल्याचं सांगितलं आणि दिवा लुकलुकत राहिला.

"त्यानं बजावलं हुतं गं, रोज पान काढा म्हणून," शेखलाल म्हणाला. "मी राखली. माझ्याच हातानं वाळवली." आणि तो पहिला कागद फाडायला त्यानं हात घातला.

अमीरबीनं त्याचं मनगट धरलं. "फाडू नका." तिनं तो कागद मांडीवर घेतला, निळ्या ओठांवरून बोट फिरवलं. "मिट्टी द्यायच्या आधी असंच दिसलं आसंल माझं लेकरू. बघायचं ऱ्हाऊन गेलं हुतं. तुमी बी बघून घ्या."

शेखलालनं बघितलं. मग त्यानं असा हंबरडा फोडला की सुलक्षणा पीठ भरल्या हातांनी पळत आली.