मजूर वसाहतीतली जिजी

जिजी कुणाच्याही घरात शिरली की आधी चुलीवर हात ठेवून पाहायची, मग माणसांकडे वळायची. आमची पहिली भेट अशीच झाली. मध्यप्रदेश तेव्हा नवा होता आणि बऱ्हाणपुरात सरकारने गरीब कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीत आम्हाला खोली मिळाली होती. घर पक्कं, पण यजमान कामाला होते ती गिरणी बंद पडलेली. घरात शिजवायला काही नाही हे शेजारी कळू नये म्हणून मी संध्याकाळी चुलीत नुसता केळीचा वाळका पाला जाळून धूर करायची.

समोर राहणारी जिजी एक दिवस सरळ आत आली. ठेंगणी, रुंद बांध्याची, हातभर गोंदलेली विधवा बाई. चूल चाचपून म्हणाली, "धुराला फोडणीचा वास नाही वं पोरी."

मला रडू फुटलं. तिने घरून भाकरी आणली, मी खाल्ली. पाणी पिऊन होतंय तोच म्हणाली, "आता चाल माह्यासंगं. आजची भाकर झाली, उद्याची आपण कमवू."

वसाहतीच्या व्हरांड्यात सात-आठ बायका पराती घेऊन बसल्या होत्या. इतवारा बाजारातल्या एका हलवायाकडून जिजी रवा, तूप, साखर आणायची आणि बायका त्याचा दराबा करून द्यायच्या. ही आमच्या गावाची मिठाई. भाजलेला रवा तुपात घालून हाताने फेटत राहायचं, अगदी लोण्यासारखा हलका होईपर्यंत. माझे दंड भरून आले. जिजी म्हणाली, "हात दुखला की तोंड चालव." मग गाणी, नकला, सासवांच्या गोष्टी. त्या महिन्यात मी जेवढी हसले तेवढी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

पुढे वसाहतीवर नवे साहेब आले, भोपाळकडचे. व्हरांडा पाहून म्हणाले, "घर रहने के लिए है. यहाँ धंदा नहीं चलेगा. नहीं तो कमरे खाली करने पड़ेंगे."

बायका घाबरल्या. दोघींनी पराती उचलून घरातही नेल्या. जिजीने पदराला हात पुसले.

"साहेब, तुम्ही छप्पर दिलं, उपकार झाले. पण छप्पर पाहून पोट नाही भरत जी. इथं नको तर दुसरी जगह द्या."

"कौन सी जगह?"

तिने टोकाची खोली दाखवली. गळकी म्हणून ती कुणी घेत नव्हतं. आत फुटके पाइप पडले होते.

"छत कौन ठीक करेगा?"

"आमचे घरवाले चढतील. तसेही बसूनच आहेत सगळे."

साहेबांना हसू आवरेना. खोली मिळाली. रविवारी सगळे पुरुष छपरावर होते. कौलं चढवताना आमचे यजमान शीळ घालत होते. गिरणी बंद झाल्यापासून ती मी ऐकली नव्हती.

बालाजीच्या मेळ्यात आम्ही आमचं स्वतःचं दुकान मांडलं. हळूहळू घरं सावरली. पोरं शाळेत टिकली, गिरणीही सुरू झाली. जिजीचा मोठा मुलगा कागद कारखान्यात कायम झाला, आणि एका सकाळी तिने सांगून टाकलं की वसाहतीतली आपली राहती खोली ती सोडते आहे.

मी म्हटलं, "जिजी, सरकार काही खोली परत मागत नाही. मग तू का सोडतेस?"

"बहादरपूरच्या रस्त्यावर लोकं पालात पडले आहेत. घड उतरला की केळीचं जुनं खोड काढतात ना? तवा बुडाशी फुटलेल्या पिलाला ऊन भेटतं."

साहेबांनी कचेरीत तिच्या हातून किल्ली घेतली. मग खुर्चीवरून उठले आणि तिला फाटकापर्यंत सोडायला आले.

इतवाऱ्यातल्या भाड्याच्या घराकडे तिची बैलगाडी निघाली तेव्हा आम्ही डोळे पुसत होतो. ती गाडीपुढे ताठ चालत होती. वळून म्हणाली, "रडता काय वं? हसून धाडा मले."

आठवड्याने तिच्या खोलीत पालातलं एक कुटुंब आलं. त्यांच्या पोरांनी सामानाकडे पाहिलंही नाही. दिवसभर ती नुसतं दार उघडत होती आणि लावत होती. आजवर त्यांच्या घराला दार नव्हतं.