एका साडीतल्या चार मुली

आमच्या इस्लामपूरच्या फोटो स्टुडिओत एक साडी होती. मोरपंखी रंगाची, रुंद काठाची, लांबून रेशमी वाटणारी. सत्तरच्या दशकात वाळवा आणि शिराळा तालुक्यांतल्या लग्नाच्या कितीतरी मुली त्या एका साडीतून पुढं सासरी गेल्या. मुलीचा दाखवायचा फोटो काढायला घरची माणसं बाजारच्या दिवशी यायची. मुलगी आईचं लुगडं गुंडाळून आलेली असायची आणि मुलाकडच्यांना तर गोल साडी नेसणारी, शिकलेली सून हवी असायची. मग मी तिला पडद्यामागं नेऊन साडी नेसवायची, गळ्यात खोट्या मोत्यांचा सर घालायची, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ बांधायची आणि हातात एक जाडजूड पुस्तक द्यायची.

पुस्तक ऑइल इंजिनच्या दुरुस्तीचं होतं. त्याला खाकी कव्हर घातलेलं असल्यामुळं मुलगी काय वाचतेय हे फोटोत कळायचं कारण नव्हतं. ती बिचारी पिस्टनच्या चित्राकडं लाजून बघत बसायची.

फोटो अण्णा काढायचे, म्हणजे माझे वडील. लाकडी कॅमेरा, त्यावर काळं फडकं, आणि हातात रबरी फुगा, तो दाबला की फोटो निघायचा. "मान खाली. अजून जरा. दात दिसू देऊ नगं," एवढंच त्यांचं बोलणं. माझ्या वाट्याला पेन्सिल आली होती. खिडकीशी बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली, की छापताना तेवढी जागा उजळ येते. देवीचे व्रण, तीळ, उन्हानं रापलेले गाल, सगळं मी घालवायची. कालपर्यंत शेतात तण काढायला, भांगलणीला जाणारी मुलगी माझ्या हाताखालून निघाली, की जन्मात ऊन न बघितल्यासारखी दिसायची. पोरीचा हात सोन्याचा हाय, असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे.

मला पेन्सिल नको होती. मला तो फुगा हवा होता.

दुकानात कुणी नसलं की मी काळ्या फडक्यात डोकं घालायची. आतल्या काचेवर समोरचं सगळं उलटं दिसतं. रस्त्यावरची माणसं डोक्यावर चाललेली बघताना मला फार बरं वाटायचं. एकदा धीर करून अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "बाईमाणूस फोटो काढाय लागल्यावर गिऱ्हाईक कॅमेऱ्याकडं बघंल का तुझ्याकडं?" हा प्रश्न त्यांना स्वतःबद्दल कधी पडला नव्हता. त्यांच्यापुढं बसलेली एकही मुलगी वर बघत नाही, सगळ्या जमिनीकडं बघतात, हे त्यांना वळणाचं लक्षण वाटायचं.

त्यातच माझ्या आत्यानं माझं लग्न मनावर घेतलं. आत्या आमच्याकडंच राहायची आणि तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस गेल्याशिवाय घरात कुणाला घास गोड लागायचा नाही. स्थळ सांगलीकडचं, नदीकाठचा ऊस, मुलगा फौजेत. सुट्टीवर यायच्या आत मुली बघून ठेवायच्या होत्या. मी त्याच साडीत, तेच पुस्तक घेऊन, त्याच पडद्यापुढं बसले. निगेटिव्ह अर्थातच माझ्याच पुढ्यात आली आणि हात सवयीनं चालला.

"तिथं कॅमेरा असंल का गं?" मी आत्याला विचारलं.

"तिथं म्हशी हायत," आत्या म्हणाली, आणि तिच्या दृष्टीनं विषय संपला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. सासरी गेले की गेलेच, पेन्सिलही नाही आणि फुगाही नाही.

काही दिवसांनी एस.टी. स्टँडकडून एक धिप्पाड बाई तडक दुकानात आल्या. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, काखोटीला पिशवी. त्यांनी पिशवीतनं चार फोटो काढले आणि पत्ते मांडावेत तसे काउंटरवर मांडले.

"हे तुमच्या दुकानातलं?"

मागं शिक्का होता, नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णा व्हय म्हणाले.

"मग मला एवढंच सांगा, ह्या चार घरांत मिळून एकच पोरगी हाय का? बाप निराळं, गावं निराळी, आन् पोरगी तीच. साडी तीच. घड्याळात वाजल्यात तेबी तेवढंच."

"आवं आक्का, साडी दुकानाची हाय," अण्णा म्हणाले.

"आन् नाक? नाकबी दुकानाचंच व्हय?"

बाई म्हणजे त्या फौजीची आई, हे ओळखून आत्या आतून चहा घेऊन आली आणि स्थळ हातचं जाऊ नये म्हणून गोड आवाजात म्हणाली, "ह्यातली एक तर आमचीच. ही काय, तुमच्या म्होरंच हुबी हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग फोटोंकडं. "कंची?"

आत्यानं बेधडक एका फोटोवर बोट ठेवलं. अण्णा म्हणाले, ती नव्हं, ती आष्ट्याची, आणि दुसऱ्याच फोटोवर बोट ठेवलं. दोघांची तिथंच जुंपली. बाईंनी त्यांना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तूच सांग बाई. ह्यातली तू कंची?"

मी वाकून बघितलं. चौघींचे गाल सारखे, हनुवटी सारखी, खाली झुकलेले डोळे सारखे. सगळ्या माझ्याच हातच्या. आणि मला खरोखर ओळखता येईना. मला भयंकर राग आला, पण तो काढायचा कुणावर? पेन्सिल माझ्याच कानावर खोचलेली होती.

"मावशी, मलाच कळंना," मी म्हणाले.

बाई हसल्या. सवयीनं तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना तेव्हा पदर सोडून दिला. पुढचा एक दात नव्हता. "माझाबी एक फोटू हाय घरात," त्या म्हणाल्या. "मालकांच्या शेजारी. त्यात मालक दिसत्यात, मालकांची काठी दिसती, आन् मी पदरात हाय. सगळी म्हणत्यात म्हणून ती मी." मग पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "आलीच हाय तर माझा काढा. पेन्सिल लावायची न्हाई. आन् परक्या बाप्यामाणसाम्होरं मी काय तोंड वर करणार न्हाई. ही पोरगी काढंल."

बाईमाणसाच्या रीतीवर अण्णा जन्मभर बोलत आले होते, आता तीच रीत त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. ते बाहेर गेले आणि पायरीवर आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

आत्या अजून आशेवर होती. तिनं साडी पुढं केली, ती बाईंनी बाजूला सारली. पुस्तक पुढं केलं, ते घेतलं, उघडलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, हे आमच्या मळ्यातलं इंजान! हे वायसर हितंच गळतंय बघ!"

मी फडक्यात डोकं घातलं. उलट्या बाई पुस्तक पुढं करून मला बोटानं तो वॉशर दाखवत होत्या आणि थेट माझ्याकडं बघत होत्या. माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. हलू नका म्हटलं तर त्यांना आणखीच हसू आलं. मी फुगा दाबला.

फोटो न्यायला त्या आल्या तेव्हा उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. पुस्तकावरचा त्यांचा हात फोटोत थोडा हलला होता, पण चेहरा होता तसा आला होता, सुरकुत्या आणि पडक्या दातासकट. "लय दिसांनी बघितली हिला," त्या म्हणाल्या. मग अंगठा मानेवरून फिरवत हळूच म्हणाल्या, "एवढी मान तेवढी जरा..."

माझा हात कानाकडं गेला.

"न्हाई, ऱ्हाऊ दे. किती राबली ते मालकांना दिसू दे."

जाताना त्यांनी आत्याला सांगितलं, पोरगी चांगली हाय पर न्हेत न्हाई. म्हशींची धार काढायला कुणीबी मिळतंय. माझ्या जावांना फोटूचं कळलंय, त्या येणार हायत, त्यांचा कोण काढणार? आष्ट्याच्या मुलीचं जमलं. आत्या माझ्याशी बोलेना आणि मला आनंदानं रडू यायला लागलं. तिला वाटलं स्थळ गेलं म्हणून रडतेय, तेव्हा तिनं मला लाडू दिला.

पुढच्या बाजारी त्या बाईंच्या तिघी जावा आल्या. त्यांची बडबड रस्त्यावरूनच ऐकू आली. अण्णांनी पेपर उचलला, चप्पल घातली आणि कुणी न सांगता पायरीवर जाऊन पाठ करून बसले. मी फुगा त्यांच्याकडून मागून घ्यावा म्हणून वळले, तर तो कॅमेऱ्याशेजारी काढून ठेवलेला होता, पुसून.