रिकाम्या पलंगाची व्हिजिट

सगळे तिला नंबरताईच म्हणायचे. दवाखान्यात फोनपाशी बसायची. कोणाचा नंबर कधी, डॉक्टर कोणाच्या घरी कधी जाणार, सगळं तिच्या हातात. जीभ तिखट, पण मनानं मऊ. फोनवर कोणी म्हणालं, "बाई, मरतोय मी," तर म्हणायची, "मरणारा एवढ्या जोरात ओरडत नाही. संध्याकाळी या." आणि खरंच कोणाचं दुखत असलं, की नुसत्या आवाजावरून ओळखून त्याला आधी आत सोडायची.

तर दर मंगळवारी घड्याळवाल्या आजोबांचा फोन यायचा. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे ना, म्हणून घड्याळवाले. "पोरी, डॉक्टरांना म्हणावं, हिला बघून जा. रात्रभर खोकते." नंबरताई म्हणायची, "हो आजोबा, लावते नंबर."

आता ही म्हणजे आजोबांची बायको, आणि ती जाऊन वर्ष उलटलेलं. सगळ्यांना ठाऊक होतं, बरं का. तरी म्हातारे डॉक्टर जायचे. रिकाम्या पलंगापाशी बसायचे, उशीकडे बघून म्हणायचे, "काय वहिनी, आज जरा तरतरी दिसतेय की!" मग आजोबांकडे वळायचे. "हिची सेवा करायची तर तुम्ही धडधाकट पाहिजे. आणा हात इकडे." एरवी हा माणूस डॉक्टरच्या सावलीला उभा राहायचा नाही. पण बायकोसाठी म्हटलं, की निमूट हात पुढे. मग प्रेशर बघून व्हायचं, पायांची सूज बघून व्हायची. नंबर आजींच्या नावाचा, गोळ्या आजोबांच्या पोटात.

हे नंबरताईला पटायचं. पण एका गोष्टीनं तिची झोप उडाली होती. आजोबा फोनवर बोलत असले, की मागून तिला खोकला ऐकू यायचा. बाईमाणसाचा, बारीक, तोंडावर हात धरून खोकावं तसा. त्या घरात दुसरं चिटपाखरू नाही. आधी वाटलं, फोनचीच खरखर. मग वाटलं, आपलेच कान वाजतात. सांगणार कोणाला? दवाखान्यात बसून असलं बोललं, तर आपलाच नंबर लावायचे! 

पुढे म्हातारे डॉक्टर थकले आणि त्यांच्या जागी त्यांची डॉक्टर भाची आली. पोरगी हुशार, कामाला वाघ. पण घरच्या व्हिजिटांची नावं ऐकता ऐकता थबकली. "या आजी तर गेल्यात ना?" नंबरताईनं सगळं सांगितलं, खोकला तेवढा गिळला.

"ताई, असं खोटं किती दिवस चालवायचं? माणूस त्यातच बुडत जातो. त्यांना खरं सांगा, त्यांच्या नावानं नंबर लावा. हाक मारतील तेव्हा जाईन मी."

बोलण्यात काही खोट नव्हती. उलट नंबरताईला सुटल्यासारखंच वाटलं.

मंगळवारी फोन आला. मन घट्ट करून ती म्हणाली, "आजोबा, आजी आता नाहीत हो. तुमच्या नावानं लावू का?"

 पलीकडून खोकला आला. अगदी कानाशी.

"मला काय धाड भरलीय?" आजोबा म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी त्यांचा फोनच नाही. दिवसभर फोन वाजला, की नंबरताई झडप घालून उचलायची. शेवटी तिनंच लावला. खूप वेळ वाजला, मग कोणीतरी उचलला. बोललं कोणी नाही. नुसता खोकला.

ती तशीच आत गेली, पेशंट बसलेला असतानाच, आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

"आजोबाच खोकत असतील, ताई."

"त्यांचा आवाज मी ओळखत नाही होय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बॅग उचलली, दोघी निघाल्या.

दार नुसतं लोटलेलं. बाहेरच्या खोलीत फोन उचलून बाजूला ठेवलेला. आजोबा पार आतल्या खोलीत, पलंगापाशी खुर्चीवर. पाय सुजून खांब झालेले, धाप अशी की शब्द फुटेना. या माणसाला उठून उभं राहता येत नव्हतं, मग बाहेरचा फोन कोणी उचलला? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. 

"दाखवा पाय, आजोबा."

त्यांनी पाय मागे ओढले. "आधी हिला."

 डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या, छातीची नळी कानाला लावली. "आजी, घ्या बरं मोठा श्वास." थांबल्या. खरंच ऐकावं तेवढ्या थांबल्या. "आता तुम्ही."

आजोबांनी हात पुढे केला.

छातीत पाणी भरलं होतं. मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तेही आत्ताच. गाडी आली, माणसं आली, पण आजोबांनी पलंगाची पट्टी धरलेली, सोडेनात. "हिच्यापाशी कोण?"

  त्या खोलीतून कधी एकदा बाहेर पडते असं नंबरताईला झालं होतं. पण हा माणूस असाच धरून बसला, तर इथेच जाणार.

"मी बसते," ती म्हणाली.

"उठून जाशील."

"तुम्ही येईपर्यंत हलत नाही. झालं?"

तेव्हा कुठे त्यांनी पट्टी सोडली.

गाडी गेली. घर शांत झालं. नंबरताई आजोबांच्या खुर्चीवर बसली, खुर्ची अजून उबदार होती. उशीकडे बघायचं नाही असं ठरवून तिनं चादरीची सुरकुती तेवढी सारखी केली. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर लेकीचा फोन. "आई, आहेस कुठे तू? किती उशीर!"

"हळू बोल गं," नंबरताई म्हणाली. "आत्ता कुठे आजींचा डोळा लागलाय."