जाणारे मधी, राहणारे कडंला

"पट्ट्या कुठायत?"

"कसल्या पट्ट्या?"

"काळ्या. बघायच्या काचेवर चारी बाजूंनी मी चिकटवल्या होत्या त्या."

"उन्हानं गळाल्या असतील."

"चारीच्या चारी?"

"मंग, एकएक करून तुझी परवानगी घेऊन गळायला पायजे होत्या का?"

मंगल हसली नाही. तिनं कॅमेरा उजेडाकडं धरला, एक डोळा मिटला. "काचेवर नखाचा ओरखडा हाय."

"पोलिसाला बोलव. ठसे घेतील."

"आवो, मी चेष्टा करत न्हाई. जानकीमावशी आत्ता येतील फोटो न्यायला. काय देऊ त्यांच्या हातात? हे?"

तिनं कॉम्प्युटरचा पडदा नवऱ्याकडं फिरवला. अजिनाथनं सकाळपासून त्या पडद्याकडं पाठ केली होती, आता बघणं भाग पडलं. मधोमध सटवा आणि त्याची बायको मुक्ताबाई, दोघांच्या हातात ऊसतोडीचे कोयते, अंगावरचं लुगडं-धोतर नवं, कडक. सटवाच्या खांद्यावर एक म्हातारा हात. हिरव्या बांगड्या, मनगट, आणि तिथं फोटो संपला. हाताची मालकीण, सटवाची आई जानकीमावशी, नव्हतीच. दुसऱ्या कडेला नातीची एक वेणी तेवढी आली होती, लाल रिबिनीसकट. नात बाहेर.

"ह्याला काय म्हणायचं?" मंगलनं विचारलं.

"तुझ्या यंत्राला इचार."

म्हणाला खरा, आणि स्वतःच दचकला. तुझ्या यंत्राला. कॅमेरा बापूंचा, त्याच्या वडलांचा होता. गळ्यात अडकवून अडकवून अजिनाथच्या मानेला वळ पडलेला होता. आजवर तो कधी 'तुझा' झाला नव्हता.

पाटोद्याच्या बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर हा स्टुडिओ अजिनाथच्या वडलांनी, उत्तरेश्वरबापूंनी, टाकला. लग्नं, बारशी, निवडणुकीला उभं राहणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, सगळं झालं. पण बापूंचं नाव झालं ते कोयत्याच्या फोटोंनी. दिवाळी सरली की कारखान्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहत. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजायचा. गाडीत बसायच्या आधी ती जोडी बापूंकडं यायची, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या-पोरांना घेऊन. बापूंचा नियम एकच. जाणारे मधी, राहणारे कडंला. "दोन्हीकडून धरून ठेवायचं असतंय," ते म्हणत. एक प्रत जाणाऱ्याच्या पेटीत, एक घरच्या भिंतीला. आता हातोहाती फोन आले, तरी वाडी-वस्तीवरची माणसं हा एक फोटो मात्र स्टुडिओतच येऊन काढत.

पुढं रोल मिळेनासे झाले. बीडला जिथं रोल धुवून मिळायचे तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान निघालं. अजिनाथनं डिजिटल कॅमेरा घेतला, पासपोर्ट साईज काढत बसला. बापूंचा कॅमेरा फळीवर गेला. दसऱ्याला त्याला कुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं, की पुन्हा वर्षभर धूळ.

आणि मग मंगलनं तो खाली काढला.

मंगलचं माहेर पालीचं. तिच्या वडलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. परकर-पोलक्यातली मंगल तिथं बसून सोल्डरिंग करायची, तेव्हापासून तिच्या हाताला तारांची भीती नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात पडून फुटलेला डिजिटल कॅमेरा तिनं परातीत मोकळा केला. शेजारी बापूंचा. फुटक्याच्या पोटातली नखाएवढी चकती, फोटो टिपणारी, तिनं बापूंच्या कॅमेऱ्यात जिथं रोल ताणून बसायचा बरोबर तिथं बसवली.

"बापूंचा कॅमेरा फोडलास?" अजिनाथ दारातूनच ओरडला होता.

"फोडला न्हाई. उघडला."

"कुणाला इचारून?"

"तुमी कधी उघडून बघितला होता का?"

बघितला नव्हता. तेच तर. उभा जन्म त्याच्या डोळ्यातून बघितलं, पोटात काय आहे ते बायकोनं बघितलं.

पहिला फोटो तिनं अजिनाथचाच काढला. अंगणात दाढी करत होता, अर्ध्या गालावर साबण. फोटो असा आला, की बापूंनीच काढला म्हणावा. कडांना तोच मऊपणा, उजेड तसाच गालावर उतरलेला. "कसा हाय?" तिनं विचारलं. "ठीक हाय," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन तो फोटो पुन्हापुन्हा बघत राहिला. वाईट आला असता तर बरं झालं असतं. वाईट आला असता तर त्यानं तिला मोठ्या मनानं समजावलंसुद्धा असतं.

मंगलची ही करामत गावोगाव पसरली. नेकनूरहून कुणी अमरसिंह आले, जीपमधून, वडलांचा कॅमेरा रेशमी रुमालात गुंडाळून. "वहिनी, आमच्या सुंदररावआबांचा हाय. ह्याला जित्ता करा." मग अजिनाथकडं वळून, "दादा, जरा चहा सांगता का?" अजिनाथनं चहा सांगितला नाही, स्वतः हॉटेलात जाऊन घेऊन आला, आणि वरून विचारलं, "वहिनींच्या चहात साखर किती टाकू?" मंगलनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

बीडहून पेपरवाली पोरगी आली, बातमी करायला. मंगलला काउंटरशी उभं केलं, हातात बापूंचा कॅमेरा. आणि अजिनाथला म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

हजारो माणसांना त्यानं आजवर बाजूला हो, जवळ ये, हनुवटी वर कर म्हणून सांगितलं होतं. त्याला असं कुणी सांगितलं नव्हतं. तो बाजूला झाला. तो ओरखडा काचेवरच्यापेक्षा खोल गेला.

मग परवाचा दिवस. मंगल भाच्याच्या बारशाला पालीला निघालेली. जाताना तिनं सांगितलं होतं, चप्पल घालता घालता, "ध्यानात ठेवा. आतली चकती रोलपेक्षा लई बारकी हाय. काचेतून सगळं दिसतंय, पण फोटोत येतंय तेवढं मधलंच. म्हणून पट्ट्या लावल्यात. माणसं पट्ट्यांच्या आत घ्या." अजिनाथनं ते एस.टी. स्टँडवरची घोषणा ऐकावी तसं ऐकलं.

दुपारी सटवा आला. मुक्ताबाई, लहानगी, आणि म्हातारी जानकीबाई. गाडी संध्याकाळी सुटायची होती. अजिनाथनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि समोर त्या चार काळ्या पट्ट्या. टांग्याच्या घोड्याला झापड बांधावी तशा. बापूंचा कॅमेरा, बापूंची जागा, आणि कुठं बघायचं ते आता ही सांगणार. त्यानं अंगठ्याचं नख घातलं. एक निघाली. दुसरी. जग मोकळं झालं.

"मावशी, कडंला हो. अजून जराशी."

"बसते का रं मी त्यात?" जानकीबाईनं विचारलं.

"आरामात बसतीस. हात ठेव लेकाच्या खांद्यावर. आसं."

खटका वाजला. कॅमेऱ्याला मागं पडदा नव्हता. फोटो बघायचा तर कार्ड काढून कॉम्प्युटरला लावावं लागे, आणि ते मंगलचं काम. त्या संध्याकाळी अजिनाथ शीळ घालत घरी गेला होता.

"परत काढू की," आता तो म्हणाला.

"सटवाला काय कर्नाटकातनं उचलून आणता? उसाचा हंगाम संपल्याबिगर येतंय का कुणी?"

पायरीवर काठी वाजली. जानकीबाई आत आली, पदरानं तोंड पुसत. "झाला का गं बाई आमचा फोटो? खिळा ठोकून आले भिंतीला."

मंगलनं छापलेला फोटो दिला. दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. म्हातारीनं तो लांब धरला, मग जवळ. बांगड्यांवर बोट ठेवलं.

"हे मी?"

अजिनाथ काउंटरवरची धूळ पुसायला लागला.

"आन आमची पोरगी? वेणीच हाय की नुसती." ती स्टुलावर टेकली. "माझं एक ऱ्हाऊ द्या. मी काय, पिकलं पान. पण म्होरल्या गाडीसंगं सटवाला धाडायचाय ह्यो, पेटीत ठेवायला. तो बघणार, लेकीचं तोंडच न्हाई. मुक्ता तर रडंल बग."

"मावशी..." मंगल म्हणाली.

"तुला बोल लावत न्हाई गं. पण तुझ्या यंत्रानं खाल्लं आमाला. अजिनाथनं तर बापूवानीच बसवलं होतं, कडंला, नीट. त्याचा हातच तसा. बापूचं होतं तेच बरं होतं." तिनं फोटो पदराखाली घातला. "आमच्या वस्तीवरनं आजूक दोन गाड्या जायच्यात. बाया इचारत होत्या, मंगलबाईकडं फोटो काढावा का. आता काय सांगू? फोनवरच काढा म्हणते."

त्याचा हातच तसा. किती महिन्यांनी कुणी हे बोललं होतं. अजिनाथच्या छातीत गूळ विरघळावा तसं काहीतरी झालं. त्यानं ते तसंच विरघळू दिलं. आणि त्याच वेळी त्याला म्हातारीच्या पदराखालून डोकावणारी फोटोची कड दिसत होती, मनगटाशी तुटलेली.

मंगलनं ड्रॉवर उघडला. काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली, दोघांच्या मधी. आवाज चढवला नाही.

"मावशी, जरा थांबा. ह्यांना तुमाला काहीतरी सांगायचंय."

जानकीबाईनं मान वर केली. "काय रं बाबा?"

अजिनाथनं चिकटपट्टीकडं बघितलं. मंगलकडं बघितलं. ती त्याच्याकडं रोखून बघत होती, कॅमेऱ्यातून बघावं तशी, एक डोळा किंचित बारीक करून. ह्या वेळी कुणी त्याला बाजूला हो म्हणत नव्हतं.

"सांगा," मंगल म्हणाली. "पट्ट्या कुणी काढल्या?"

अजिनाथनं पायांनीच चपला चाचपल्या, उजवी डाव्यात गेली ती बदलली, आणि पायऱ्या उतरून स्टँडच्या गर्दीत चालायला लागला.