रोहिणीचा हातमोजा

माझ्या सुनेला, रोहिणीला, विणकाम येत नव्हतं. आमच्या उमापुरात ते फारसं कुणाला येतही नाही. आमच्याकडं थंडी येते ती चार दिवसांची पाहुणी, आणि तिला एक घोंगडी पुरते. स्वेटर लागलाच तर गेवराईच्या बाजारात टांगलेले असतात. म्हणून माझी सून सुया घेऊन ओट्यावर बसायला लागली तेव्हा गल्लीतल्या बायांना आयता विषय मिळाला. हितं माणूस उकडून निघतंय आन ही बया लोकर विणती, असं बोलत त्या पाण्याला जायच्या. तिचा उजवा हात दिसला की मात्र गप व्हायच्या.

त्या हाताचं आधी सांगते.

आमच्या गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन आहे. माझा मुलगा हनुमान त्यावर वैरण करायचा, तो नसला की रोहिणी करायची. त्या दिवशी हनुमान कापूस घेऊन गेवराईला गेलता. धाकटा सत्यम अंगावर पिणारा, तो माझ्या मांडीवर होता. रोहिणी हिरवी मका मशीनात सारत होती. एक ओली पात बांगडीत अडकली आणि हाताला घेऊन आत गेली. करंगळी गेली, तिच्या शेजारचं बोट गेलं. तेवढ्यात लाईट गेली, म्हणून बाकीचा हात राहिला. लाईट जाण्याला मी जन्मभर शिव्या दिल्यात. त्या दिवसापासून देत नाही.

थोरली स्वप्नाली तेव्हा अंगणवाडीत जाणारी. ती वासरापाशी उभी होती. तिनं सगळं बघितलं.

रोहिणी बीडच्या दवाखान्यातून परत आली ती हाताला भलं मोठं पांढरं गाठोडं घेऊन. पोरगी दारामागं जाऊन उभी राहिली. आम्ही म्हटलं, गाठोड्याला भ्यालीय, सुटलं की येईल. गाठोडं सुटलं आणि उरलेली तीन बोटं बघून पोरगी अशी किंचाळली की सत्यम झोपेतून उठला. तिथून पुढं ती आईच्या हातचं खाईना, आईकडून वेणी घालून घेईना. झोपायला माझ्याजवळ. आईला आई म्हणायचीसुद्धा बंद झाली. "आजी, तिला सांग, मला भूक लागली," असं म्हणायची. ती म्हणजे समोर बसलेली तिची आई.

रोहिणीनं तो हात पदराखाली घातला तो घातलाच. डाव्या हातानं भाकरी थापायची. भाकरी वाकडी व्हायची, आम्ही मुकाट्यानं खायचो. मी सासू असून भाकरीला नाव ठेवलं नाही, ह्यावरून काय ते समजा. रोहिणी रडताना मी काही बघितलं नाही. एकदाच, सत्यमला पाजता पाजता, ती माझ्याकडं न बघता बोलली.

"आत्या, बोटं गेली त्याचं मला काय न्हाई. पण पोरगी बी गेली तर मी काय करू?"

माझ्या वयाला उत्तरं येतात असं लोकांना उगीच वाटतं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, राहिलेली बोटं चालवा, नाहीतर तशीच आखडून बसतील. दाबायला रबराचा चेंडू दिला. तो सत्यमनं चघळला आणि मग कुत्र्यानं नेला. बोटं आखडायला लागली. त्याच सुमाराला मी साखर आणायला भीमाशंकरअप्पांच्या दुकानात गेले. त्यांच्या मंडळी, शांतादेवी, गल्ल्यापाशी बसून नातवाला टोपडं विणत होत्या. त्यांचं माहेर सोलापूरचं, हे काम तिकडूनच आणलेलं. मी त्यांची बोटं बघत उभी राहिले. गिऱ्हाईक खोळंबलं तसं विचारूनच टाकलं, की तीन बोटांनी हे जमंल का हो?

"सुया काय बोटं मोजून घेत्यात का, बायनाबाई?" त्या म्हणाल्या. "धाडा तिला."

रोहिणी गेली. शांतादेवी म्हणाल्या, पहिल्यांदा शिकणारानं सरळ मफलर करावा, हात बसला की पुढचं. रोहिणी म्हणाली, मफलर नको, मला हातमोजा करायचाय. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. तिचा पदराखालचा हात त्यांना दिसत होता. बोटाबोटाचा मोजा आम्हालाही जड जातो म्हणाल्या, पण पिशवीसारखा, नुसता अंगठा वेगळा, असा दाखवते. रंग रोहिणीनं पोपटी घेतला. स्वप्नालीला पोपटी फार आवडतो.

लेकुरवाळ्या बाईनं काही शिकायचं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवसांत ओट्यावर बसून बघितलं. एक ओळ होते न होते तोवर सत्यम धागा ओढायचा. त्याला बाजूला करावं तर दूध उतू जायचं. दूध उतरवून यावं तर सुईवरनं टाके घरंगळलेले असायचे. मग ती सुई विणकामासकट अंबाड्यात खोचून उठायला शिकली. डोक्यात पोपटी तुरा घेऊन म्हशीची धार काढायची. म्हैस बिचकली नाही, हे म्हशीचं मोठेपण. टाके गळत गेल्यानं मोजा खाली रुंद आणि वर निमुळता व्हायला लागला, जसा काही उलटा भवरा. शांतादेवी तो हातात घेऊन चष्म्यातून बघायच्या आणि शांतपणे सगळा उसवून टाकायच्या.

"उसवायला भ्यायचं न्हाई पोरी, लोकर कुठं जात न्हाई."

रोहिणी पुन्हा टाके घालायची. सुई अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, मधलं बोट धाग्याला. दुखायचं. दुखलं की ओठ दाबून ओळ पुरी करायची आणि मगच सुई खाली ठेवायची.

माझ्याकडं एक काम होतं, लडी धरायचं. शांतादेवींकडची लोकर जुनी, लडीतली. विणायच्या आधी तिचा गोळा करावा लागतो. एकानं दोन्ही हात पुढं करून लडी ताणून धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायचं. सोपं दिसतं, पण तसं नाही. लडी धरणारानं नजर गुंडाळणाराच्या हातावर ठेवायची असते. तो हात जिकडं जाईल तिकडं आपलं मनगट कलवायचं, म्हणजे धागा सुटत जातो. नजर हलली की गुंता. मी गप्पिष्ट, माझी नजर रस्त्यावर. रोहिणीनं माझ्या गुंत्यापायी लई वेळ घालवला, पण "माज्या हाताकडं बघा, आत्या," एवढंच म्हणायची.

शेवटी एकदाचा मोजा झाला. शिवण जरा तिरकी होती, अंगठा सत्यमच्या पायाएवढा जाड. पण झाला. रोहिणीनं तो घातला, त्या हातात गुळाचा खडा घेतला आणि स्वप्नालीपुढं जाऊन बसली. हनुमान दारात उभा होता, मी चुलीपाशी.

पोरीनं मोज्याकडं बघितलं. किंचाळली नाही. गुळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आजी, आतमधी ते हायच की."

आणि उठून वासराकडं गेली.

हनुमान तसाच बाहेर पडला. रोहिणीनं गूळ डब्यात ठेवला, मोजा मात्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी सुया फळीवर, तिसऱ्या दिवशीही फळीवर. मला वाटलं, संपलं. शांतादेवीच दारात आल्या. एक लडी उरलीय, ह्या बारक्याला टोपडं कर, नाहीतर झुरळं खातील, असं म्हणून लडी तिच्या मांडीवर टाकून गेल्या.

सकाळची वेळ होती. मी अंगणात पाय लांब करून सत्यमला तेल लावत होते, हात तेलकट. मला लडी धरता येईना. रोहिणीनं ती आपल्याच दोन गुडघ्यांवर चढवली आणि मोजा घातलेल्या हातानं गुंडाळायला बसली. गुडघे काही मनगटासारखे कलत नाहीत. धागा अडकायचा, तिचं तोंड उतरायचं.

स्वप्नाली उंबऱ्यात बसून बघत होती. किती वेळ, ते ध्यानात नाही. मग ती उठली, आईच्या समोर जाऊन बसली आणि दोन्ही हात पुढं केले. मान खाली.

रोहिणीनं लडी गुडघ्यावरनं काढून त्या एवढ्याशा हातांत घातली. मला तेलाच्या हातानं डोळे पुसता येईनात म्हणून नीट दिसलं नाही.

गुंडाळायला सुरुवात झाली. लोकरीला लोकर चिकटते. धागा मोज्याला धरायचा, तुसं निघायची, धागा पुढं जायचा नाही. दोनदा तुटता तुटता राहिला. पोरीचा जीव वैतागला.

"काढ ते," ती म्हणाली. "चिकटतंय."

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी सत्यमचा पाय चोळत राहिले. तिनं मोजा काढून बाजूला ठेवला. तो हात उन्हात आला. पोरीनं पटकन तोंड फिरवलं आणि लगेच लडीत गुंता झाला.

"माज्या हाताकडं बघ, बाळा," रोहिणी म्हणाली. आवाज साधाच होता, मला म्हणायची तसाच. "न्हाईतर गुतंल."

पोरीनं बघितलं. हात डावीकडं गेला, तिचं मनगट डावीकडं. हात उजवीकडं, मनगट उजवीकडं. तीन बोटांत पोपटी गोळा फिरत होता, हळूहळू मोठा होत होता. मध्येच पोरीनं विचारलं, दुखतंय का. आता नाही, रोहिणी म्हणाली. मशीन परत बोटं घेईल का? नाही घेणार, पप्पांनी वायर काढून टाकलीय. ते खरं होतं. हनुमान त्या दिवसापासून वैरण कोयत्यानं तोडतो, अजून तोडतो.

लडी संपली. शेवटचा धागा पोरीच्या करंगळीवरनं सुटला. तिनं हात खाली घेतले नाहीत.

"आई, अजून हाय का?"

रोहिणीनं झालेला गोळा सोडला, पुन्हा तिच्या हातांवर चढवला आणि पहिल्यापासून गुंडाळायला लागली.

सत्यमचं टोपडं अजून झालेलं नाही, आणि थंडी केव्हाच गेली. तो पोपटी मोजा त्याच्या पायात असतो, दोन्ही पाय त्यात मावतात. सकाळी रोहिणी स्वप्नालीची वेणी घालते. तीन बोटांची वेणी, सैल. अंगणवाडीत पोचेपर्यंत अर्धी सुटते. मी म्हणते, आण हिकडं, मी घट्ट घालते. पण पोरगी आता माझ्याकडं येत नाही.