प्रभुभोजनाच्या वेळी उठून जाणाऱ्या मावशी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वर्धापनदिनाला मला जुन्या आठवणी सांगायला उभं करतात, तेव्हा मी पाळकसाहेबांच्या सायकलीचे किस्से सांगतो. लोक हसतात. मावशींबद्दल मी बोलत नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी दौंडला रेल्वेत कारकून होतो. आमच्या पाळकांकडे शिरूर आणि दौंड अशा दोन्ही मंडळ्या. दौंडला ते महिन्यातून एकदा, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी येत. बाकीचा कारभार आम्हा पंचांकडे. पंचांत मी सर्वांत तरुण आणि सर्वांत कडक. मेंढरं राखायची म्हणजे काठी उगारायची, एवढंच मला पुढारीपण समजलं होतं.

मावशी इंजिन शेडमधल्या एका खलाशाची विधवा. नवरा-बायकोनं बरोबरच बाप्तिस्मा घेतलेला. माहेर न्हावऱ्याचं, हिंदू. भाच्याच्या लग्नाला त्या तिकडे गेल्या, आणि कुणीतरी येऊन मला सांगितलं की मांडवात मावशींच्या कपाळाला कुंकू होतं. आमच्यात ती जुन्या धर्माकडे परतल्याची खूण मानली जाई. मी त्यांना पंचांपुढे बोलावलं.

"कुंकू लावलं होतं का?"

"व्हय दादा, पण त्याचं आसं झालं..."

"होय की नाही, तेवढंच सांगा."

त्यांनी पदर सारखा केला. "व्हय."

त्यांचं प्रभुभोजन बंद झालं. "जरा ऐकून घ्यायचं होतंत," पाळकसाहेब मला म्हणाले. मी त्यांना नियम ऐकवला.

त्यानंतरही मावशींनी एक रविवार चुकवला नाही. त्या शेवटच्या बाकावर बसायच्या आणि भाकर मोडायची वेळ आली की उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहायच्या. मला ते दिसायचं. शिस्त लागली, असं वाटून बरंही वाटायचं.

एका रविवारी त्यांची भावजय न्हावऱ्याहून आली होती. उपासना सुटल्यावर तिनं मला फाटकाशीच गाठलं.

"तुम्हीच व्हय हितलं थोरलं? आमच्या वन्सं भाईर का?"

मी कारण सांगितलं.

"आवो, त्या कशाला लावतील? म्या लावलं! हळदीला समद्या बाया फुडं आन् वन्सं चुलीमागं. दादला न्हाई म्हणून. पण त्याच सांगायच्या, आमच्या देवाघरी विधवा बाई वंगाळ नसती. मला पटलं. हाताला धरून भाईर आणलं आन् लावलं कुंकू. चुलतसासू आजून माझ्याशी बोलत न्हाई."

मी फाटकाची कडी उघडू-लावू लागलो.

"आमच्यात चुलीमागं, तुमच्यात झाडाखाली. येवढाच फरक व्हय?"

"गप गं वैनी, एसटी चुकंल," म्हणत मावशींनी तिला ओढून नेलं.

मावशींनी आपल्या माहेरी प्रभूविषयी जे सांगितलं, ते एका बाईच्या मनात रुजलं होतं, आणि त्याचीच शिक्षा मी त्यांना दिली होती. त्या आठवड्यात मी गुडघे टेकले, देवाची क्षमा मागितली. मग त्यांच्या खोलीकडे निघालो. काय बोलायचं ते रुळांच्या कडेनं चालताना पाठ केलं होतं.

मावशींनी पाट दिला, चहा टाकला. "सूनबाईचा खोकला बरा हाय का?" माझ्या बायकोची चौकशी केली. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "पंचांनी ठरवलंय. पुढच्या वेळेपासून तुम्ही प्रभुभोजनाला बसा."

मीच त्यांना माफ करत असल्यासारखं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई उपकार झालं, दादा," त्या म्हणाल्या. मी चहा संपवून उठलो.

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी दोन्ही हात पुढे करून भाकर घेतली. काही काळानं त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि तिकडेच वारल्या. देवानं मला क्षमा केली, असा माझा विश्वास आहे. पण मावशींकडे मी ती मागितलीच नाही. पाठ केलेलं वाक्य काही लांबलचक नव्हतं.

मावशी, मी तुमचं ऐकून घेतलं नाही. मला माफ करा.