अप्पांच्या गाडीतून पाहिलेले खेळ

तुरीची गाडी घेऊन गुलबर्ग्याच्या बाजारात आलेला शिवराम दारात उभा राहिला. पाणी मागितलं, ओट्यावर बसून प्यायला, आणि तांब्या खाली ठेवताना म्हणाला, "शेवंताक्का, बसप्पा अप्पा गेले की." सकाळी बैल जुंपताना जू धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी विचारलं, "अक्का रडली का?" शिवराम माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. नवरा गेल्यावर बायको रडली का, हे काय विचारणं झालं? "रडली की. कामून?" तो म्हणाला. कामून ते त्याला काय सांगणार... तो आमच्या दुबलगुंडीचा जावई, गावात नंतर आलेला. त्याआधी गावात एक साल असं गेलं होतं, की अप्पांनी आणि मी एकमेकांना दुसरं काही विचारलंच नव्हतं.

आमचं माहेरचं घर आणि अप्पांचं घर यांत एकच भिंत. आम्ही शेतकरी मराठे, ते लिंगायत. त्यांच्या घरात अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. भांडण कानडीत सुरू व्हायचं आणि समजूत मराठीत निघायची. अप्पांची थोडी शेती होती, आणि गुळाचा व्यापार होता. व्यापार म्हणायचा आपला. व्यापाऱ्याला जो नकार लागतो तो या माणसाजवळ नावालाही नव्हता. समोरचा म्हणेल त्याला "बरं" म्हणायचं, आणि घरी येऊन अक्काचं ऐकून घ्यायचं. अक्का बोलायला फटकळ, अप्पा ऐकायला तयार, असा त्यांचा संसार छान चालला होता. त्यांना एकच मुलगी, गौरा. माझ्या बरोबरीची. आम्ही दोघी एका पाटावर जेवलो, एकाच झोक्यावरून पडलो. तिला निर्ण्याला दिली आणि मला गुलबर्ग्याला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. दिवस भरत आले तसे अप्पा गाडी घेऊन गौराला आणायला निर्ण्याला गेले. गाडीत अक्कानं गादी घातली होती, वर गोधडी, उशाला पाण्याची चरवी. सासरचे म्हणाले, मूग काढणीला आलेत, घरात दुसरी बाई नाही, तेवढं उरकलं की आम्हीच पोचवतो. अप्पा "बरं" म्हणाले आणि गादी तशीच घेऊन परत आले. मूग निघायच्या आतच निरोप आला. गौरा गेली, बाळही गेलं.

अक्का रडली नाही. निर्ण्याला नाही, घरी येऊन नाही, बाया गळ्यात पडल्या तरी नाही. आणि त्या दिवसापासून ती अप्पांशी बोलायची थांबली. बाकीच्यांशी कामापुरतं बोले. अप्पांना ताट वाढी, हातावर पाणी घाली, पण शब्द नाही. तिच्या तोंडून एक शिवी निघाली असती तरी अप्पा कृतार्थ झाले असते. आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुईणीनं एकदा ओसरीवर बसून सांगितलं, "बसप्पा, हिला रडव. काईबी करून रडव. हे असं आत ऱ्हायलं तर बाई हातची जाईल." माझा नवरा त्या वर्षी शिक्षकीच्या परीक्षेसाठी हैदराबादेत होता, म्हणून मी माहेरी होते. चार दिवसांनी अप्पा आमच्या वडिलांकडे आले आणि खाली बघत म्हणाले, "हुमनाबादला नाटक कंपनी आलीया. म्हनत्यात, लई रडायचा खेळ हाय. शेवंताला आमच्यासंगं धाडा. बायांच्या बाजूला हिच्याजवळ बसाया कुनीतरी पायजे."

त्यांच्यात सुतक धरत नाहीत, पण मुलीला जाऊन वर्ष झालं नाही आणि आईबाप नाटकाला निघाले, हे कुठल्याच घरात शोभत नाही. गाव बोललं. तोंडावर बोललं. "बसप्पाला आता नाद लागला," असं बाजारात म्हणायचे, आणि अप्पा हसून म्हणायचे, "व्हय, लागला बघा." खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अक्का रडत नाही म्हणून तिला घेऊन हिंडतोय, असं म्हटलं असतं तर लोकांनी अक्काला नावं ठेवली असती. त्यापेक्षा आपल्यालाच ठेवू देत. अक्काला "चल" म्हटलं की ती उठायची, "जेव" म्हटलं की जेवायची, तशीच ती गाडीत येऊन बसली.

हुमनाबादचा तो पहिला खेळ मला आजही पाठ आहे. तंबू, गॅसच्या बत्त्या, पेटीवाला डोळे मिटून वाजवणारा. त्यात सासुरवासाला कंटाळून सून विहिरीत उडी घेते. सुनेचं काम करणाऱ्या पुरुषाचा गळा असा होता की विहिरीच्या काठावरचं त्याचं पद संपेपर्यंत बायांचे पदर भिजून गेले. मीही रडले. गौरासाठी रडले की सुनेसाठी, मला सांगता येणार नाही. अक्का गॅसबत्तीभोवती फिरणारे किडे बघत होती. पुरुषांच्या बाजूला सगळा तंबू समोर बघत होता, आणि एकटे अप्पा मान वळवून मागे, आमच्याकडे बघत होते. सकाळी गाडीत अक्काचा डोळा लागल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "डोळं पुसलं का तिनं?" मी म्हटलं, "न्हाई अप्पा." त्यांनी बैलांना हाक दिली.

मग ते साल तसंच गेलं. अप्पा गुळासाठी जिथं जातील तिथं चौकशी करत, खेळ कुठं आहे, आणि रडायचा आहे का. गुलबर्ग्याला उरुसात उर्दू कंपनी आली होती. तिथं दारावरच्या माणसाला अप्पांनी विचारलं, "मियाँ, रुलानेवाला है क्या?" तो छाती पुढं काढून म्हणाला, "औरताँ रो रो को बेहाल होतियाँ, सेठ." त्यातली उर्दू इतकी जड, की अर्धी आम्हाला कळलीच नाही. पण पडदे काय, कारंजं काय, राजवाडा डोळ्यांदेखत कोसळला काय... मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. शेवटी राणीच्या मांडीवर तिचं मूल मरतं. मेलेल्या मुलाला ऐन वेळी शिंक आली आणि सगळे हसले. अक्का हसलीही नाही. चिटगुप्प्याला जो खेळ पाहिला तो मला सगळ्यांत आवडलेला. त्यात एक आंधळा बाप मुलाला नुसत्या पावलांवरून ओळखतो, एवढंच आहे, पण ते काम करणारा म्हातारा बापच वाटत होता, नट वाटतच नव्हता. तिथं जाताना निर्ण्याकडे वाट फुटते. त्या वळणावर अप्पांनी बैलांना कधी न मारलेला चाबूक मारला. प्रत्येक सकाळी तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. मला उत्तर द्यायची इतकी धास्ती वाटायला लागली, की एकदा वाटलं, खोटंच सांगावं. पण ते माझ्याकडे बघायचे तेव्हा खोटं बोलणं जमायचं नाही.

उन्हाळ्यात आमच्या गावातच खेळ झाला. हा कंपनीचा नव्हे, गावच्याच शेतकऱ्यांचा, कानडी. वस्ताद आणून सुगीनंतर तालीम चालायची, पोलीसठाण्याच्या अमीनसाहेबांची परवानगी काढायची, आणि दिवस मावळल्यावर सुरू झालेला खेळ ऊन्ह येईपर्यंत चालायचा. त्यात रडायचं काही नव्हतं. राजकन्येचं लग्न होतं आणि मध्येमध्ये सारथी, म्हणजे खेळ पुढं नेणारा सोंगाड्या, सगळ्यांची टिंगल करायचा. राजकन्या झाला होता आमच्या गावचा मल्लू, नांगर धरून मनगटं सागवानासारखी झालेला. त्यानं त्यासाठी मिशी काढली म्हणून त्याचा बाप रुसला होता, की मी जिता असताना ह्यानं मिशी काढलीच कशी. अप्पा जाणार नव्हते. पण घराजवळच खेळ, आवाज घरात येणारच, म्हणून आम्ही पहाटे मांडवाच्या कडेला जाऊन बसलो.

आमच्या गावच्या खेळात लग्न लागलं, की नवरा-नवरीला गावानं खराखुरा आहेर करायचा अशी रीत आहे. आणि नवरीला माहेर लागतं. माहेराशिवाय लग्न पुढं जात नाही. म्हणून दर साली एक घर नवरीचं माहेर व्हायचं, पाळीपाळीनं. त्या घरच्या बाईनं उठायचं, नवरीची ओटी भरायची, लुगडं द्यायचं. त्या साली पाळी अप्पांची होती. पण जिची लेक बाळंतपणात गेली, तिनं नवरीची ओटी कशी भरायची, असं म्हणून पंचांनी ती परस्पर पुढच्या घराला, पाटलांना, दिली होती. वाईट हेतू नव्हता. अप्पांना त्यांनी सांगितलं आणि अप्पा नेहमीसारखं "बरं" म्हणाले. अक्काला मात्र कुणी सांगितलं नाही.

तांबडं फुटलं होतं. सारथ्यानं आरोळी दिली, "नवरीचं म्हायार कोन हाय? म्हायारची मानसं उठा." पाटलीणबाई तबक घेऊन उठल्या. आणि माझ्या शेजारून अक्का उठली. सरळ चालत मांडवात गेली आणि म्हणाली, "पाळी आमची हाय."

वाजप थांबलं. सारथी दोन पावलं मागं सरला. पंचांतला एक म्हातारा समजुतीनं म्हणाला, "अक्का, ह्या साली ऱ्हाऊ दे. बसप्पाला इचारलंय आमी." सगळा गाव अप्पांकडे वळला. अप्पा उभे राहिले. ते म्हणाले, "मी बरं म्हनलो, ते चुकलं माझं. पाळी आमचीच हाय. ती ओटी भरंल." अप्पांना कुणाला अडवताना मी तेवढं एकदाच पाहिलं. अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं, आणि म्हणाली, "अवं, पेटीतलं हिरवं लुगडं आना."

ते लुगडं गौराच्या डोहाळ्यांचं. गौरा येणार म्हणून घेऊन ठेवलेलं. अप्पा पळत गेले. मी त्यांच्या मागे गेले, कारण ते धोतर आवरायलाही थांबले नव्हते. परत येताना मांडवाच्या बाहेर ते लुगडं छातीशी धरून थांबले आणि त्यांचं पाऊल पुढं पडेना. "शेवंता," ते मला म्हणाले, "ती माझ्यासंगं बोलली." आणि तिथंच, लोकांच्या पाठीमागं उभं राहून, अप्पा रडले. सुईणीनं अक्काला रडवायला सांगितलं होतं. अप्पाही रडले नव्हते, हे त्या सालात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. लुगडं त्यांच्या हातातून मीच घेतलं आणि आत नेऊन दिलं.

अक्कानं मल्लूची ओटी भरली. लुगडं त्याच्या खांद्यावर ठेवलं. मल्लू शहाणा, नवरीसारखा वाकून तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळंतपनाला हितंच ये गं माय. कुनी कायबी म्हनू दे. हितंच ये." आणि मग ती रडली. उभ्यानं रडली, मग बसून रडली, मल्लूच्या गळ्यात पडून रडली. तो गडी तिला धरून तसाच बसला, तोंडावरचा रंग ओघळून त्याच्या हिरव्या पदरावर आला तरी हलला नाही. लग्न राहिलं तसंच. कुणी "खेळ पुढं चालवा" म्हटलं नाही. ऊन्ह वर आल्यावर अप्पांनी तिला हाताला धरून घरी नेलं.

त्यानंतर अप्पांचा नाटकाचा नाद सुटला. पुन्हा कधी ते कुठल्या खेळाला गेल्याचं मला आठवत नाही. त्यांच्यामुळे पाहिलेल्या खेळांवर मी मात्र अजून जगते. इथं गुलबर्ग्यात एखादी कंपनी येते तेव्हा पडदा उघडायच्या आधी माझी मान पुरुषांच्या बाजूला वळतेच...

परवा दुबलगुंडीला जाऊन आले. आई म्हणाली, अक्काचं काही खरं दिसत नाही, एकटीच बोलत असते. मी गेले तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत होती आणि खरंच बोलत होती. म्हैस आटली, भिंतीला पोपडे आलेत, खालच्या आळीची सून पळून माहेरी आली, सगळं कुणाला तरी सांगितल्यासारखं. मी खांबाला टेकून बसले. अप्पा तिथंच बसत. त्यांच्या पाठीनं तो खांब तेलकट झालाय. मी विचारलं, "अक्का, कुनासंगं बोलायलीस?"

तिनं सुपातला खडा काढून टाकला. "त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "एक सबंद वरीस मी त्यांच्यासंगं बोलले न्हाई बघ. त्यांनी कवा कामून म्हनून इचारलं न्हाई. तेवढं बोलनं ऱ्हायलं होतं, ते आता बोलायले."

तिनं सूप खाली ठेवलं. मग खांबाकडे बघून म्हणाली, "अवं, शेवंता आलीया गुलबर्ग्याहून."

मी त्या खांबापासून उठले आणि उंबऱ्याशी जाऊन बसले.